आतली काच

बटाटे तळघरात गेले, मेंढ्या गोठ्यात आल्या आणि तळ्यावरची होडी पालथी घातली की सायमीला हायसं वाटायचं. लोक उन्हाळ्याचं कौतुक करतात. करोत बापडे! उत्तरेकडच्या त्या तळ्याकाठी उन्हाळ्यात धड अंधार पडत नाही, त्यामुळे कामंही संपत नाहीत आणि माणूस झोपतो तोही घाईघाईनं. सायमीचं सुख सुरू व्हायचं ते ऑक्टोबर सरता सरता. बर्चची झाडं उघडी पडली की पलीकडचा काठ दिसायला लागायचा. सकाळी पाण्याच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरायचा आणि बादली टाकली की तो किणकिणत फुटायचा. घरात छताखालच्या दांडीवर राय धान्याच्या, मधे भोक असलेल्या भाकऱ्या ओवलेल्या, पिंपात मिठातली अळंबी, कोपऱ्यात सळसळणारी भट्टी. पायात लोकरीचे जाड मोजे घालून भट्टीला पाठ टेकली की तिला वाटायचं, आता जगानं आपल्याला मार्चपर्यंत हाक मारू नये.

पण त्या घरात पाठ शेकत असतानाच पोटाला गार वारा लागायचा, आणि त्याचं कारण होती एक खिडकी.

त्याही वर्षी सायमीनं रानातून शेवाळ आणून वाळवलं, माळ्यावरून खिडक्यांच्या, थंडीपुरत्या लावायच्या आतल्या काचा उतरवून धुतल्या, दोन काचांच्या मधल्या जागेत शेवाळ दाबलं, वर लाल रानफळांचे घोस ठेवले, काचा एकेक बसवल्या आणि कडेनं कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. तीन खिडक्या झाल्या. चौथी, न्हाणीघराकडची, तशीच राहिली. तिची आतली काच गवतात गुंडाळून माळ्यावर पडून होती. लढाईतून ताउनो परत आला नाही त्या वर्षापासून ती तिथेच होती.

ताउनो हा सायमीचा नवरा आणि तिच्या सासूचा, लोविसाचा, एकुलता एक मुलगा. सीमेवरून सैन्य मागे हटलं त्या उन्हाळ्यात तो रानात कुठेतरी दिसेनासा झाला. मेला म्हणून कुणी सांगितलं नाही, सापडला म्हणूनही नाही. गावात इतर घरी शवपेट्या आल्या, चर्चमागे खड्डे खणले गेले. या घरी काहीच आलं नाही, आणि लोविसानं त्या काहीच न येण्याला घट्ट धरून ठेवलं.

"आतली काच लावली की बाहेरचं ऐकू येत नाही," ती म्हणायची. "पोरगा आला तर कळायचं कसं?"

ताउनो लाकूडतोडीच्या छावणीतून यायचा तो कधी सरळ घरात यायचा नाही, हे खरं होतं. अंगावर डांबर, डोक्यात उवा. आधी न्हाणीघरात शिरायचा, दगड तापवायचा, पाणी ओतून वाफ काढायचा, बर्चच्या डहाळ्यांच्या जुडीनं पाठ बडवून घ्यायचा आणि झालं की लाकडी ओगराळं वरच्या फळीवर धाडकन पालथं घालायचा. तो आवाज खिडकीतून आला की लोविसा रस्सा भट्टीत गरम करायला ठेवायची. म्हणून ती खिडकी एकाच काचेची. थंडीच्या ऐन भरात तिच्यावर आतून बोटभर बर्फ चढायचा आणि लोविसा आपलं अंथरूण मुद्दाम तिच्याखालीच घालायची. तिचा खोकला फेब्रुवारीत सुरू व्हायचा तो मे महिन्यापर्यंत पुरायचा.

केक्रीच्या, शरद सरतानाच्या सणाच्या, आदल्या दिवशी विल्हो आला. विल्हो शेजारच्या वाडीवरचा सुतार, चाळिशीचा, हाडापेरानं मोठा आणि मुखदुर्बळ. दर शरदात तो एकदा यायचा आणि तेच वाक्य बोलायचा.

"लोविसामावशी, ती काच तेवढी बसवून देऊ का?"

"का रे? तुला वारा लागतोय तुझ्या घरात बसून?"

"तुम्हाला लागतो ना."

"माझ्या मुलाच्या घरातला वारा आहे तो. तू तुझं घर बघ. छप्पर गळतंय म्हणे."

"गळत नाही, मावशी."

"मग बायको आण एखादी, ती पाडेल भोक!"

विल्हो हसला नाही. टोपी हातात फिरवत बाहेर गेला. सायमी लाकडं आणायच्या निमित्तानं त्याच्या मागून गेली. लाकडाच्या थप्पीमागे, जिथून ती खिडकी दिसत नाही तिथे, दोघं उभे राहिले.

"मला खाली दक्षिणेला काम मिळालंय," तो म्हणाला. "केक्री झाली की निघणार. मी एकट्यानं जावं की नाही, तेवढं सांग."

"कसं सांगू?"

"तो येणार नाही, सायमी."

"मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिनंच ओठ चावला. आजवर हे तिनं स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. "पण त्या घरात तो जिवंत आहे. आणि तो जिवंत आहे तोवर मी त्याची बायको आहे. तिला त्या खिडकीखाली खोकत टाकून मी जाऊ? रात्री झोप लागेल मला?"

विल्होनं तिच्या हातातली लाकडं घेतली, दारापर्यंत नेऊन ठेवली आणि गेला. सायमीचा जीव टांगणीला लागला तो तिथून.

केक्री म्हणजे वर्ष मिटायचा दिवस. पीक घरात आलेलं असतं, मेंढा कापलेला असतो, आणि त्या संध्याकाळी घरातली मेलेली माणसं आंघोळीला येतात. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. नातेवाईक आहेत, येणारच. जिवंतांनी दुपारीच न्हाऊन घ्यायचं. मग न्हाणीघर पुन्हा तापवायचं, स्वच्छ पाणी भरायचं, फळीवर पंचे ठेवायचे आणि मेलेल्या प्रत्येकासाठी एकेक जुडी भिजवून ठेवायची. एकदा दार ओढून घेतलं की सकाळपर्यंत तिकडे फिरकायचं नाही, डोकवायचं नाही. न्हाऊन ती मंडळी घरात जेवायला येतात. टेबलाचं दाराकडचं टोक त्यांचं, भट्टीकडचं जिवंतांचं.

या घरच्या मेलेल्यांसाठी चार जुड्या लागायच्या. लोविसाच्या सासूसासऱ्यांची, नवऱ्याची आणि दीड वर्षाची होऊन गेलेल्या मुलीची, जी लोविसा अगदी छोटी बांधायची. जुड्या भर उन्हाळ्यात, पान कोवळं असताना बांधून माळ्यावर वाळवतात. त्याच वेळी लोविसा एक पाचवीही बांधायची, सगळ्यांत जाड, ताउनोला आवडायची तशी. ती मेलेल्यांच्या दोरीवर नसायची. धुराड्याजवळ वेगळा खिळा होता, तिथे ती वर्षभर त्याची वाट बघायची.

केक्रीच्या दिवशी सायमी माळ्यावर गेली तेव्हा डोक्यात विल्होचं वाक्य घुमत होतं. अंधार होता, हातात दिवा घ्यायचा कंटाळा केला. आठवड्यापूर्वी सलगमं वाळत घालायला जागा हवी म्हणून तिनंच सगळं इकडचं तिकडे हलवलं होतं, जुड्यांची दोरीही धुराड्याच्या खिळ्यापाशी सरकवली होती. हाताला लागल्या त्या जुड्या तिनं कवटाळल्या, खाली आणल्या, न्हाणीघरातल्या कोमट पाण्यात बुडवल्या, फळीवर मांडल्या आणि दार ओढून घेतलं. चार वाजत होते आणि उजेड संपला होता. अंगणातून परत येताना बर्फ पडायला लागला, त्या वर्षीचा पहिला, मोठमोठे सावकाश उतरणारे कण. सायमी क्षणभर थांबली, तोंड वर केलं, गालांवर तो गारवा घेतला. तिला फार बरं वाटलं. सारं जग झाकलं जात होतं आणि आत मटण शिजत होतं.

मग ती भाकरीवर पेरायची बडीशेप आणायला पुन्हा माळ्यावर चढली, यावेळी दिवा घेऊन. धुराड्याजवळचा खिळा रिकामा होता.

तिनं दोरीकडे बघितलं. तिथे छोटीची जुडी तशीच लटकत होती. म्हणजे चारच नेल्या होत्या, पण छोटीच्या जागी ताउनोची गेली होती. ताउनोची जुडी, त्याच्या आईनं जिवंत माणसासाठी बांधलेली, मेलेल्यांच्या रांगेत भिजत पडली होती. जिवंताची जुडी तिथे ठेवणं म्हणजे त्याला त्यांच्यात बसवणं. हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. आणि दार तर ओढून घेतलेलं. आता परत जाऊन ती काढून आणायचीही सोय नव्हती.

"किती वेळ गं!" खालून लोविसा ओरडली. "बडीशेप पेरतेयस का उगवतेयस?"

सायमी खाली आली. लोविसाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ती आपल्या आवडीच्या कामात होती. मेंढ्याचं मटण, भाजलेली सलगमं, लोणी, घरची बिअर. दाराकडच्या टोकाला चार वाडगे, चार चमचे. भट्टीकडे दोन. भिंतीच्या ओंडक्यांच्या फटीत जिवंतांचे चमचे खोचलेले असत, त्यांतला तिसरा, ताउनोनं स्वतः कोरलेला, त्या फटीतच राहिला. टेबलाखाली पेनी झोपला होता. पेनी हा ताउनोचा कुत्रा. म्हातारा, अर्धा बहिरा आणि एरवी मटणाचा वास आला की अंगात येणारा.

"बस," लोविसा म्हणाली. "येतील आता."

दोघी बसल्या. दिव्याची वात बारीक केली होती. बाहेर बर्फ पडताना जी शांतता होते ती त्या एका खिडकीतून आत येत होती. भट्टीतलं लाकूड एकदा तडकलं. मग न्हाणीघराकडून आवाज आला, तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा, लांबलचक चर्र असा.

"आले," लोविसा समाधानानं म्हणाली. हा आवाज तिला दर केक्रीला ऐकू यायचा. सायमीला आजवर कधी आला नव्हता. ती आपली मान डोलवायची. आज तिला आला.

पुन्हा एकदा पाणी पडलं. मग जुडीचा सपसप आवाज, ओल्या पानांचा, उघड्या पाठीवर. एकाच जुडीचा. सायमीनं टेबलाची कड धरली. तो हात तिच्या ओळखीचा होता. आधी डावा खांदा, मग उजवा, मग थोडं थांबणं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती त्याच वाफेत त्याच्या शेजारी बसून हसली होती, की तू अंग धुतोस की गहू झोडतोस!

आणि मग ओगराळं फळीवर पालथं पडलं. धाडकन.

लोविसा उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते सायमीनं पुढे जन्मभर विसरायचा प्रयत्न केला. आनंद होता तो, निखळ आनंद.

"ऐकलंस? ऐकलंस ना? आला गं! माझा ताउनो आला!" तिनं भिंतीवरचा पंचा ओढला. "मेल्यांच्या दिवशीच येतो बघ मुलखाचा वेडा, त्यांच्यात घुसून न्हातोय! रस्सा ठेव. बघत काय बसलीस? रस्सा ठेव!"

"आई, जाऊ नका."

"का नको? माझा मुलगा आहे तो!"

"आई..." सायमी दार अडवून उभी राहिली. न बोलावं, म्हातारीला जाऊ द्यावं, दार उघडून जे दिसेल ते दिसू द्यावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण लोविसाचे हात पंच्याची घडी घालत होते आणि ते बघवेना. "आई, माझ्याकडून चूक झाली. अंधारात मी जुड्या आणल्या. छोटीची वर राहिली. त्याची तिकडे गेली. त्याची जुडी तिथे आहे, त्यांच्यात. मीच ठेवली."

लोविसा तिच्याकडे बघत राहिली. रागावेल, अंगावर धावून येईल, असं सायमीला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

ओसरीच्या पायरीची फळी वाजली. मग दुसरी. बुटावरचा बर्फ झटकावा तसे दोन ठोके. पेनी, ज्याला कानाशी थाळी वाजवली तरी ऐकू यायचं नाही तो, ताडकन उठला. शेपटी हलवत दाराशी गेला आणि तिथे थबकला. शेपटी थांबली. पण तो भुंकला नाही की गुरगुरला नाही.

"येऊ दे," लोविसा पुटपुटली. "जिवंत असेल तर कडी काढेल."

कडी हलली नाही. शेवटी लोविसानंच सायमीला बाजूला केलं आणि दार सताड उघडलं.

अंगण पांढरं झालं होतं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. आतून पडलेल्या उजेडात न्हाणीघराचं दार दिसत होतं, बंद. तिथपासून ओसरीपर्यंतचा बर्फ कोरा होता. पायरीवरही काही नव्हतं. फक्त थंड हवेचा एक लोट आत आला, आणि त्या हवेत बर्चच्या ओल्या पानांचा वास होता, भर उन्हाळ्यातला.

पेनी बाजूला सरला, वाट द्यावी तसा. मग मान वळवत, कशाच्या तरी मागे मागे, टेबलाच्या दाराकडच्या टोकाला गेला आणि रिकाम्या बाकाखाली आडवा झाला. ताउनो असताना तो असाच झोपायचा, त्याच्या बुटांवर डोकं ठेवून. आताही त्यानं डोकं खाली ठेवलं. पण त्याची हनुवटी जमिनीला टेकली नव्हती. फळ्यांपासून चार बोटं वर, हवेत, ती निवांत टेकून होती.

लोविसानं ते पाहिलं. मग तिनं दार लावलं, हळूच, झोपलेलं मूल उठू नये अशा बेतानं. भिंतीच्या फटीतून तिसरा चमचा काढला, ॲप्रनला पुसला, फळीवरून वाडगा घेतला आणि दाराकडच्या टोकाला, आपल्या नवऱ्याच्या वाडग्याशेजारी मांडला. मटणाचा चांगला तुकडा निवडून वाढला.

"जेव बाळा," ती म्हणाली. "गार होतंय."

"आई, मी मारलं का त्याला?" सायमीनं विचारलं.

"वेडी आहेस का तू? जिवंत माणूस असल्या जुडीनं येतो होय?" लोविसा भट्टीकडे येऊन बसली. तिचा आवाज अगदी साधा होता, उद्या दळण काढायचंय म्हणून सांगावं तसा. "तो कधीचा येतच असेल. दर वर्षी. माझी इतर माणसं न्हायची, जेवायची, आणि हा बाहेर उभा. त्याची जुडी मी खिळ्याला लटकवून ठेवलेली ना. न न्हाता घरात यायची सवय नव्हती त्याला." ती थांबली. "इतके हिवाळे पोर माझं त्या खिडकीखाली उभं होतं आणि मी आतून कान देऊन ऐकत बसले होते."

मग ती रडली. सायमीनं तिला जवळ घेतलं. दोघींचं जेवण तसंच राहिलं.

सकाळी उजाडल्यावर त्या न्हाणीघरात गेल्या. दगड गार होते. सासूसासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या जुड्या दर वर्षीसारख्याच, ठेवल्या तशा, पानही हललेलं नव्हतं. चौथीच्या मात्र नुसत्या काड्या उरल्या होत्या. तिची पानं वरच्या फळीवर, खाली, भिंतीला, सगळीकडे चिकटली होती, आणि ओगराळं पालथं होतं. लोविसानं वाकून एकेक पान वेचलं आणि ॲप्रनच्या झोळीत घेतलं.

"छोटीची राहिली," ती म्हणाली. "तिला आज संध्याकाळी देऊ. भावानं घेतलंच असेल तिला कडेवर." आणि परतताना, अंगणाच्या मधोमध, सायमीकडे न बघता, "त्या विल्होला बोलव. गेला नसेल तर."

विल्हो गेला नव्हता. तो आला, माळ्यावरून काच उतरवली, गवत सोडलं, पुसली, खिडकीत बसवून पाहिली. ती जरा अडत होती. इतक्या वर्षांत चौकट फुगली होती. त्यानं रंधा मारला. शेवाळ लोविसानं स्वतः भरलं, आणि शेवाळावर लाल फळांऐवजी ती ओली पानं पसरली. मग म्हणाली, "ठोक."

शेवटची पट्टी चिकटली तेव्हा खोलीतला वारा थांबला. दिव्याची ज्योत सरळ झाली. भट्टीची ऊब सावकाश पसरत पसरत त्या कोपऱ्यापर्यंत पोचली, जिथे ती इतके हिवाळे पोचली नव्हती. बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागला होता, पण आता तो नुसता दिसत होता.

"यांना काहीतरी खायला दे," लोविसा म्हणाली. ती विल्होला 'यांना' म्हणाली हे सायमीच्या लक्षात आलं आणि तिला भाकरी कापताना काही दिसेनासं झालं.

लोविसा खिडकीपाशी गेली. काचेला कान लावून उभी राहिली. विल्हो खायचा थांबला. भाकरी हातात धरून सायमीही थांबली.

"काही ऐकू येत नाही आता," लोविसा म्हणाली, आणि आपलं अंथरूण उचलून भट्टीजवळ घेऊन आली.